ठाणे / नवी मुंबई : खाण्यात फार निवड असलेल्या लेकीसाठी इटालियन हॉटेल कसं शोधावं?

चरईकर_आई
नमस्कार मंडळी. लेकीची दहावी झाली. निकाल लागला की कुठे जायचं हे तिने आत्ताच सांगून ठेवलंय: "आई, एखाद्या चांगल्या इटालियन हॉटेलात जाऊ या. फूड कोर्ट नको, नीट टेबल मांडलेलं असतं ना, तिथे."

बाहेरच्या कुणाला यात विशेष काही वाटणार नाही, पण आमच्याकडे ही मोठी गोष्ट आहे. लग्नाच्या पंगतीत ही मुलगी साधा वरणभात खाऊन उठते. मैत्रिणींच्या वाढदिवसाला घरून जेवून जाते. तिने आपणहून हॉटेलात जाऊ म्हणावं, याचा मला किती आनंद झालाय ते इथल्या आयांना नक्की कळेल.

तिला चालतं ते असं: वरणभात, बटाट्याच्या काचऱ्या, तूप-साखर-पोळी, दही (पण ताक नाही), घरी केलेला पांढऱ्या सॉसचा पास्ता, आणि नुसतं चीज घातलेला पिझ्झा. सिमला मिरची, मशरूम, ऑलिव्ह, मका हे काही नाही. टोमॅटोचा सॉस चालतो, फोड चालत नाही. वरून हिरवं काही भुरभुरलेलं दिसलं की ताट बाजूला. हट्ट म्हणून करत नाही. घास तोंडात फिरतो, गिळवत नाही, डोळ्यांत पाणी येतं. मी पंधरा वर्षं बघतेय.

बरोबर आम्ही दोघं, धाकटा (त्याला काहीही वाढा), सासूबाई (शाकाहारी, अंडं नाही) आणि नेरूळची नणंद. ठाण्यापासून बेलापूरपर्यंत कुठेही चालेल. माणशी हजार-दीड हजारापर्यंत तयारी आहे. जेवण तिचं आहे, पण बाकीच्यांनीही पोटभर आणि आवडीने जेवावं अशी इच्छा आहे. नुसती नावं नकोत, निवडायचं कसं तेही सांगा.

घोडबंदरवाली
लेकीचं आधीच अभिनंदन! नावं व्यनि (व्यक्तिगत निरोप) केली आहेत. इथे टाकत नाही, कारण आपल्याकडे हॉटेलं भराभर बंद होतात, शेफ बदलतात, आणि मग दोन वर्षांनी कुणीतरी जुना धागा वाचून तिथे जातं.

एक कळकळीने सांगते. आधी हॉटेल ठरवून मग "हिच्यासाठी यात काय आहे" असं शोधू नका. आधी तिचं एक पक्कं ताट ठरवा, जे ती शंभर टक्के खाईल. मग ते ताट कोण नीट देईल ते शोधा. बाकी सगळ्यांना कुठेही काहीतरी मिळतंच.

आमसूल
घोडबंदरवालीला पूर्ण अनुमोदन. त्यात थोडी भर घालतो, कारण 'इटालियन' या एकाच पाटीखाली आपल्याकडे दोन वेगळी स्वयंपाकघरं चालतात.

एक आपलं ओळखीचं: व्हाइट सॉस, रेड सॉस, पिंक सॉस, पेन्ने की फुसिली ते आपण सांगायचं, त्यात भाज्या आणि सोबत गार्लिक ब्रेड. दुसरं थेट इटलीकडे बघणारं: कार्बोनारा, काचो ए पेपे (चीज आणि मिरी), आल्यो ए ओल्यो (लसूण आणि ऑलिव्ह तेल). तिथे कुठल्या सॉसबरोबर कुठला पास्ता हे ठरलेलं असतं, आणि पिझ्झा माणशी एक असतो, वाटून घ्यायचा नाही.

आता तुमच्या लेकीचा प्रश्न. घरचा पांढरा सॉस म्हणजे लोणी, मैदा, दूध. इटलीत हा सॉस मुख्यतः लझान्यासारख्या भट्टीतल्या पदार्थांत जातो, साध्या पास्त्यावर सहसा नाही. आपल्याकडे अल्फ्रेडो म्हणून क्रीमचा पास्ता मिळतो, पण रोममध्ये आल्फ्रेदो दि लेल्यो ज्या पास्त्यासाठी प्रसिद्ध झाला त्यात लोणी आणि पार्मेजान चीज एवढंच होतं. क्रीम नंतर अमेरिकेत आलं. कार्बोनाराही तसंच: अंड्याचा बलक, पेकोरिनो चीज, डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस आणि मिरी, क्रीम अजिबात नाही. म्हणजे मुलगी "व्हाइट सॉस" समजून दुसऱ्या प्रकारच्या हॉटेलात अल्फ्रेडो मागवेल आणि समोर वेगळंच काहीतरी येईल. तिच्यासारख्या मुलीला असा धक्का बसला की त्या दिवसाचं जेवण संपलं.

पण यावर उपाय इटालियन घरांतच आहे. पास्ता इन ब्यांको. उकडलेला पास्ता, लोणी किंवा ऑलिव्ह तेल, हवं तर किसलेलं चीज. बस. आपल्याकडे तूप-मीठ-भात देतात तसा तिथे लहान मुलांना आणि पोट बिघडलेल्यांना हा देतात. मेन्यूकार्डावर बहुधा दिसणार नाही, पण पास्ता उकडणारं कुठलंही स्वयंपाकघर तो करू शकतं. फक्त आधी विचारायला हवं.

आणखी एक. चांगल्या ठिकाणी पास्ता आल देन्ते ठेवतात, म्हणजे मध्ये किंचित कणी. घरी आपण त्याहून मऊ करतो. तिला घरचा आवडत असेल तर "अजून दोन-तीन मिनिटं उकडा" असं ऑर्डर देतानाच सांगा. त्यात कमीपणा काही नाही.

चरईकर_आई
आमसूल, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! रात्री तिला दाखवलं. "म्हणजे इटलीतली मुलं पण नुसता पास्ता खातात?" असं दोनदा विचारलं तिने. चीजबद्दल म्हणाली, पिझ्झ्यावरचं चालतं, पण पार्मेजानची पूड एकदा मैत्रिणीकडे उघडली तर वासाने उठून बाहेर गेली होती. असं का होत असावं?

आमसूल
त्यात ब्युटिरिक आम्ल असतं. लोणी खवट झालं की जो वास येतो तो त्याचाच, आणि उलटीच्या वासातही ते असतं. बहुतेकांना मुरलेल्या चीजमध्ये तो वास हवासा वाटतो, काहींना अजिबात सोसत नाही. तिचं नाक तीक्ष्ण आहे एवढाच अर्थ. चीज वाटीत वेगळं मागा, आणि ती वाटी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा.

भट्टीवाला
पिझ्झाबद्दल मी लिहितो, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय.

हल्ली ठाण्यात आणि नवी मुंबईतही 'नेपोलिटन' लिहिलेली ठिकाणं दिसतात. अस्सल नेपल्सचा पिझ्झा कसा असावा याचे नियम तिथल्या १९८४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने लिहून ठेवलेत: लाकडाची भट्टी, तापमान ४८५ अंश सेल्सियसच्या आसपास, भाजायला ६० ते ९० सेकंद. २०१७ मध्ये नेपल्सच्या पिझ्झा करणाऱ्यांची कला युनेस्कोच्या यादीत गेली. मला हा पिझ्झा जगात सर्वांत प्रिय आहे. पण तुमच्या मुलीसाठी तो धोक्याचा आहे, आणि कारणं अशी.

इतक्या कमी वेळात भाजल्यामुळे मधला भाग ओलसर आणि लुळा राहतो. तुकडा उचलला की टोक खाली वाकतं. कडेला काळे ठिपके पडतात, ते मुद्दाम असतात, पण मुलांना "करपलंय" असं वाटतं. ताजं मोझरेला पाणी सोडतं, त्यामुळे चीज सगळीकडे सारखं पसरत नाही, पांढऱ्या चकत्या दिसतात. साखळी दुकानांत कमी ओलाव्याचं मोझरेला असतं, ते ताणलं जातं आणि छान तांबूस होतं. तिच्या डोक्यातलं चीज ते आहे. आणि मार्गेरितावर बेझिलची हिरवी पानं येणारच! राणी मार्गेरितासाठी १८८९ मध्ये इटलीच्या झेंड्याचे तीन रंग घालून हा पिझ्झा केला, अशी जी गोष्ट सांगतात त्यातला हिरवा म्हणजे तीच पानं.

म्हणून फोनवर तीन गोष्टी विचारा. बेस पातळ आणि कुरकुरीत मिळेल का (रोमकडची पद्धत तशी आहे)? बेझिल न घालता द्याल का? आणि चीज कुठलं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर समोरच्याला लगेच देता आलं तर हॉटेल बरं आहे असं समजायला हरकत नाही.

जुना_नौपाडा
माझं मत थोडं वेगळं आहे, ते रागाने लिहीत नाही हे आधी सांगतो. मुलगी आता कॉलेजला जाईल, पुढे वसतिगृहात, नोकरीच्या गावी. तिथे कोण फोन करून बेझिल काढायला सांगणार? आम्ही पाच भावंडं, पानात पडेल ते खायचं ही सवय लागली, आणि पुढे भिलाईला, दुर्गापूरला नोकरी केली तेव्हा तिचा फार उपयोग झाला. एवढा खर्च करून नुसता लोणी लावलेला पास्ता खायचा? निदान एक नवा पदार्थ चाखायचाच, असं आधी कबूल करून घ्यावं. काळजीपोटी सांगतोय.

आहार_सल्ला
काका, तुमची काळजी पोचली. मी आहारतज्ज्ञ आहे आणि अशा मुलांबरोबर रोज काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

नव्या पदार्थाची धास्ती साधारण दोन ते सहा वर्षांच्या वयात सर्वांत जास्त असते. बहुतेक मुलांची ती हळूहळू ओसरते, काहींची मोठेपणीही राहते. त्यामागे वास, स्पर्श, पोत यांची जाणीव तीव्र असणं हे मोठं कारण असतं. "एक घास खाच" हा आग्रह आपल्याला अगदी लहान वाटतो, पण त्या मुलासाठी सबंध जेवण त्या एका घासाभोवती फिरायला लागतं. भूक मरते, आणि तो पदार्थ पुढेही नकोसा होतो.

अमेरिकेतल्या एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांनी एक वाटणी सुचवली आहे, मी ती पालकांना नेहमी सांगते. काय वाढायचं, केव्हा आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. इथे तर मुलीने स्वतः ठिकाण मागितलंय, म्हणजे तिने आधीच एक पाऊल पुढे टाकलंय. तिला त्या टेबलावर सुरक्षित वाटलं तर पुढचं पाऊल ती टाकेल, त्या दिवशी किंवा सहा महिन्यांनी.

चरईकर_आई, एक विचारते. तिचं वजन नीट वाढतंय ना? चालणाऱ्या पदार्थांची यादी वर्षागणिक कमी होत नाहीये ना? सहली, मैत्रिणी हे सगळं खाण्यापायी सुटत चाललं असेल, थकवा असेल, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा. खाणं टाळण्याचा एक आजार २०१३ पासून मानसोपचाराच्या निदानयादीत स्वतंत्रपणे आहे, त्यात बारीक दिसण्याची इच्छा हे कारण नसतं. त्यावर उपचार होतात.

चरईकर_आई
धन्यवाद ताई. वजन व्यवस्थित आहे, हिमोग्लोबिन गेल्याच वर्षी बघितलं, ठीक होतं. यादीत उलट भर पडलीये, गेल्या वर्षी पनीर आलं. सहलीला जाते, खाकरे घेऊन जाते.

काका, तुमचं म्हणणं मनाला लागलं नाही, घरात सासरे असते तर हेच म्हणाले असते. पण अट घालून नेणार नाही. हे तिच्या दहावीचं जेवण आहे.

खाडीपलीकडे
मी आधी फक्त वाचत होते, पण आता लिहिते. मी स्वतः ती मुलगी होते. आता चोवीस वर्षांची आहे, ऐरोलीला नोकरी करते आणि बऱ्याच गोष्टी खाते. तेव्हा हॉटेलात मला जे हवं असायचं आणि कुणाला सांगता यायचं नाही, ते सांगते.

मेन्यू आदल्या दिवशी बघायला हवा असायचा. वेटर शेजारी उभा आहे, सगळे माझ्याकडे बघतायत आणि मी वाचतेय, त्यात मला अक्षरंही दिसायची नाहीत. हल्ली मेन्यू फोनवर असतो, तिला आधीच द्या. तिची ऑर्डर तिलाच देऊ द्या, आणि तिची बोबडी वळली तर तुम्ही वाक्य पूर्ण करा, पण हसू नका.

जागा भिंतीकडची द्या. मधोमध बसवलं की दोन्ही बाजूंनी ताटं पुढे-मागे जातात आणि कुणाच्या तरी सॉसचा चमचा आपल्या ताटावरून जातो. मला तो चमचा ठिबकेल याचीच भीती असायची. जेवणाकडे लक्षच नसायचं.

"थोडं माझ्यातलं घे ना" हे कुणीही म्हणू नये. तिला घ्यावंसं वाटलं तर ती बघत राहील, ते तुम्हाला कळेल.

आणि सर्वांत महत्त्वाचं: तिने काही खाल्लं तर कौतुक करू नका. रागावणं तर नकोच, पण "अरे वा, खाल्लंस की!" हे मला रागावण्याहून जड जायचं. सगळं टेबल माझ्या ताटात डोकावतंय हे त्यातून कळायचं, आणि पुढच्या वेळी तेवढंच खायचं दडपण यायचं. आजीला आणि आत्याला हे आधी घरी सांगून ठेवा. प्रेमाची माणसंच जास्त बोलतात.

घोडबंदरवाली
खाडीपलीकडे, तू हे लिहिलंस ते फार बरं झालं. मी माझ्या लेकाचं कौतुक करत आलेय इतकी वर्षं. आजपासून बदलते.

सीवूड्सचा_रहिवासी
ठिकाणाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. तुम्ही ठाणे स्टेशनजवळ, नणंद नेरूळला. ठाण्याहून पनवेल लोकल थेट सीवूड्सला येते आणि मॉल स्टेशनच्या अगदी डोक्यावर आहे, आजींना उन्हातान्हात चालावं लागत नाही. पाम बीच रोडवर आणि बेलापूरकडे स्वतंत्र हॉटेलं बरी आहेत, पण त्यांना रिक्षा-टॅक्सी लागेल. ठाण्यात विवियाना (आता लेक शोअर), कोरम हे मॉल हायवेलगत आहेत, तुम्हाला जवळ. हिरानंदानी इस्टेटकडेही छान ठिकाणं आहेत, पण संध्याकाळी घोडबंदर रोडवर किती वेळ अडकाल याचा भरवसा नाही. भुकेली मुलगी गाडीत ताटकळून पोचली तर पुढचं सगळं नियोजन वाया जाईल.

आणि निकालाच्या दिवशी किंवा त्या शनिवार-रविवारी जाऊ नका. आख्खं शहर बाहेर असतं, गाणी मोठ्याने लावलेली, ऑर्डरला उशीर, स्वयंपाकघराला तुमचं खास सांगणं ऐकायला वेळ नाही. मधल्या वारी दुपारी साडेबाराला जा. शांत असतं, आणि शेफ बाहेर येऊन बोलूही शकतो.

तुळस
आता आजींचं. शाकाहारी म्हणून जे समोर येतं त्यात काय काय असू शकतं ते लिहिते, मी हे सगळं विचारूनच खाते.

वाळवलेला पास्ता बहुधा ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी एवढाच असतो. ताजा, हाताने लाटलेला पास्ता असेल तर त्यात अंडं असण्याची शक्यता फार. न्योक्कीत (बटाट्याचे छोटे गोळे) कधी अंडं असतं, कधी नसतं. अस्सल पार्मेजान वासराच्या जठरातल्या रेनेटनेच (दूध साकळवणारा घटक) करतात. आपल्याकडच्या चीजमध्ये सहसा सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असतं, पाकिटावर हिरवा ठिपका बघा किंवा विचारा. रिसोत्तोत पांढरी वाइन घालतात आणि भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही मासे आणि अंडं. पाना कोत्तात (क्रीमचा गोड पदार्थ) जिलेटिन, ते प्राण्यांपासून करतात. तिरामिसूत कच्चं अंडं, कॉफी आणि बऱ्याचदा मद्य, त्यामुळे ते मुलीसाठीही विचारूनच घ्या.

एवढं वाचून घाबरू नका, विचारलं की सांगतात. जे विचारल्यावर वैतागतात तिथे जाऊच नये.

चरईकर_आई
आज दुपारी फोन केले. इथे लिहिलेलं सगळं कागदावर उतरवून घेतलं होतं.

एका ठिकाणी "मॅडम, मेन्यूत आहे तेच मिळेल" म्हणाले. ठीक, निदान स्पष्ट सांगितलं. दुसरीकडे मी वाक्य पूर्ण करायच्या आत "हो हो, सगळं होईल". चीज कुठलं विचारलं तर "इम्पोर्टेड". तिथे काही मन घेईना.

मग व्यनितल्या यादीतल्या एका छोट्या हॉटेलात केला. फोन घेणाऱ्या मुलीने सरळ आत स्वयंपाकघरात दिला. आतला माणूस सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "लोणी घालून देतो, चीज वेगळं. मिरी घालू का? काळी मिरी बारीक केली तरी ठिपके दिसतात. मुलीला ठिपके चालतात का?" मी फोन धरून गप्पच झाले. मला स्वतःला हे विचारायचं सुचलं नव्हतं. सासूबाईंच्या रिसोत्तोला भाजीचं पाणी वापरतो, वाइन घालणार नाही, पण वीस मिनिटं लागतील म्हणाला. पिझ्झा त्यांच्याकडे नेपल्सच्या पद्धतीचा, ओलसर. "नाही आवडला तर परत भट्टीत घालून कडक करून देईन."

बुधवारी दुपारचं टेबल सांगितलंय. भिंतीकडचं.

भट्टीवाला
ठिपक्यांचं विचारणाऱ्या माणसाच्या हातचं बिनधास्त खावं.

चेक_बघून
बिलाबद्दल थोडं. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के असतो. सेवाशुल्क मात्र ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा सूचना काढल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या उचलून धरल्या. आपोआप लावलं असेल तर काढून मागता येतं. माझं मत विचाराल तर तुमच्यासाठी एवढं करणाऱ्या माणसाला तेच पैसे हातात द्यावेत.

चरईकर_आई
जाऊन आलो! निकाल छान लागला, आणि जेवणही छान झालं. सगळ्यांना हवं असेल म्हणून नीट लिहिते.

गेल्या गेल्या ब्रेड मागवला, त्यामुळे वाट बघणं जड गेलं नाही. ऑर्डर तिनेच दिली. "बटर पास्ता, विदाउट पेपर, चीज ऑन द साइड" असं ती घरून पाठ करून आली होती हे मला नंतर धाकट्याने सांगितलं. पास्ता आला तो नुसता पिवळसर, चकाकणारा, एकही ठिपका नाही. तिने काट्याने एक तुकडा उचलून वास घेतला, आणि मग शेवटपर्यंत मान वर केली नाही. सगळा संपवला.

पिझ्झ्याचं भट्टीवाल्यांनी सांगितलं तसंच झालं. मधला भाग ओला लागला, तिने कड खाल्ली आणि बाकी ठेवला. वेटरला सांगितल्यावर आत नेऊन कुरकुरीत करून आणला, मग आणखी दोन तुकडे खाल्ले. सासूबाईंना रिसोत्तो फार आवडला, मी चव बघायला मागितला तर चमचाभरच दिला.

नणंदेने न्योक्की मागवली होती. लेक बराच वेळ त्या ताटाकडे बघत होती. मला खाडीपलीकडेचं वाक्य आठवलं, मी नणंदेच्या पायाला टेबलाखालून पाय लावला. मग तिनेच विचारलं, "आत्या, हे बटाट्याचं आहे ना? सॉस नसलेला एक मिळेल?" वेटरने वाटीत दोन गोळे आणून दिले, नुसते लोण्यात परतलेले. एक खाल्ला. "मऊ आहे जरा, पण ठीक आहे." सासूबाईंच्या तोंडावर कौतुक आलं होतं, त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि पाणी प्यायल्या. कुणी काही बोललं नाही.

निघताना आतल्या त्या शेफला भेटलो. डोंबिवलीचा मुलगा निघाला, वय पंचविशीचं असेल. लेकीला म्हणाला, "माझी बहीण पण असंच खाते."

जुना_नौपाडा
वाचून फार बरं वाटलं. लेकीला माझा आशीर्वाद आणि निकालाबद्दल मनापासून अभिनंदन. तिने तो गोळा स्वतः मागितला, हे माझ्या अटीने झालं नसतं.

आमसूल
न्योक्की घरी करून बघा. बटाटे सालीसकट उकडून, गरम असतानाच सोलून किसायचे, वाफ पूर्ण जाऊ द्यायची. त्यात मीठ आणि गोळा जेमतेम धरेल एवढाच मैदा. जास्त मळू नका, चिवट होतात. लांब वळी करून बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे, उकळत्या मिठाच्या पाण्यात टाकायचे, वर तरंगले की काढायचे. मग लोण्यात चांगले तांबूस परता. तिला "मऊ" वाटले होते ना, परतल्यावर बाहेरून खरपूस होतात, काचऱ्यांच्या जवळ जातात. अंड्याशिवाय होतात, आजींनाही चालतील.

खारघर_सेक्टर
धागा वर काढतोय. आमचा तेरा वर्षांचा मुलगा खाण्यात असाच आहे, शिवाय त्याला काजू-पिस्त्याची ॲलर्जी आहे. त्याच्या मुंजीनंतर एकदा इटालियनला न्यायचं आहे. काय सांभाळावं?

तुळस
पेस्तो (बेझिलची चटणी) आधी बाद करा. मूळ कृतीत पाइन नट असतात, आपल्याकडे ते महाग पडतात म्हणून सर्रास काजू घालतात. क्रीमच्या सॉसमध्ये दाटपणासाठी काजूची पेस्ट घातलीये का ते नक्की विचारा, भारतीय पदार्थही करणाऱ्या स्वयंपाकघरांत हे होतं. जेलातो (इटालियन आइस्क्रीम) घ्यायचा तर सगळ्या चवींना एकच चमचा वापरतात का ते बघा, पिस्ता आणि हेझलनट शेजारीच असतात.

आहार_सल्ला
आणि ही आवडनिवड नाही, ॲलर्जी आहे, हे टेबल सांगतानाही आणि ऑर्डर देतानाही स्पष्ट शब्दांत सांगा. फोन घेणारा आणि वाढणारा वेगळा असतो. डॉक्टरांनी औषध दिलं असेल तर ते पिशवीत नको, खिशात ठेवा. पक्कं ताट वर लिहिलंय तेच: लोण्याचा पास्ता, वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्याने.

चरईकर_आई
खारघर_सेक्टर, आम्ही गेलो त्या हॉटेलाचं नाव व्यनि केलंय. मधल्या वारी दुपारी फोन करा आणि थेट स्वयंपाकघरात द्यायला सांगा.